फाटकाच्या उजवीकडे

ओदेराने कुऱ्हाड नवी घेतली होती. घरातल्या जुनीला लोहाराकडून दांडा बसवून मिळाला असता, पण बापाच्या जोडीने नव्या जागेत पहिलं पाऊल टाकायची वेळ माणसावर एकदाच येते, आणि त्या दिवशी खांद्यावर दुसऱ्या कुणाची कुऱ्हाड नको, असं त्याला वाटलं. किसुमूहून येताना ती त्याने गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. त्याची बायको मिलिसेंट वाटभर मान वळवून तिच्याकडे बघत होती.

"तान्हं मूल घरी न्यावं तशी नेतोयस," ती म्हणाली.

"उद्या बघ."

"उद्याचं उद्या. आधी तुझ्या बहिणीने काय नकाशा काढलाय तो बघू दे. मला तिचं काही खरं वाटत नाही."

ओदेरालाही ते खरं वाटत नव्हतं. फोनवर आकेच हल्ली फार गोड बोलत होती, आणि या घरात कुणी गोड बोलायला लागलं की ओदेरा सावध होत असे.

सरोवर वर चढून आलं, जुनं घर गिळलं, त्याला आता बरेच दिवस झाले होते. आई-बाबा चर्चच्या शाळेतल्या एका खोलीत दिवस काढत होते, फळ्याखाली खाट टाकून. शेवटी टेकडीच्या उतारावर ही जागा मिळाली. उद्या पहाटे नवा दाला वसवायचा होता. दाला म्हणजे कुंपण, फाटक आणि आतली सगळी घरं. बाबांच्या हातात कोंबडा, आईच्या हातात विस्तव आणि थोरल्या मुलाच्या खांद्यावर कुऱ्हाड. थोरला मुलगा नसेल तर बाप एकटा आत जाऊ शकत नाही. आणि एकदा आत गेलं की घरांच्या जागा ठरलेल्या. फाटकासमोर, वरच्या अंगाला, आई-बाबांचं घर. फाटकाच्या उजवीकडे पहिला मुलगा, डावीकडे दुसरा, परत उजवीकडे तिसरा.

ओदेरा दुसरा होता. पहिला ओग्वेनो. मिसरूड फुटायच्या वयात, स्वतःची झोपडी बांधायच्या आधीच, तो सरोवरात बुडाला. जुन्या दाल्यात उजवीकडची त्याची जागा तशीच मोकळी राहिली. आई तिथे साधी मिरचीही लावू देत नसे. ओदेराने मुकाट्याने डावीकडे झोपडी बांधली, कारण तेव्हा आईच्या तोंडाला कोण लागणार. पण नवी जागा म्हणजे नवा डाव. आता जिवंत मुलांत थोरला तोच. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं आणि कुणी नाकारलंही नव्हतं, म्हणजे ते ठरलं आहे, असं तो धरून चालला होता.

जागेवर पोचले तेव्हा दुपार कलली होती. वारा उगीच दिशा बदलत होता, पश्चिमेकडे ढग जमत होते आणि ओबेर जातीच्या जुन्या झाडाखाली चर्चमधून आणलेल्या खुर्च्यांवर सगळे आधीच येऊन बसले होते. धाकटा ओबोन्यो मोटारसायकलच्या बॅटरीला आकेचचा लॅपटॉप जोडून देत होता. बाबा कुंपणाच्या खुंट्यांकडे बघत गप्प होते. ते जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आले, आणि इंजिन सुरू असताना बोलून उपयोग नसतो ही सवय त्यांनी घरातही लावून घेतली होती. मधल्या खुर्चीत ओगादा काका, बाबांचे थोरले भाऊ. उद्याची रीत तेच चालवणार होते, आणि उद्याच दुपारी डोळ्याच्या ऑपरेशनला जाणार होते. म्हणजे उद्या जमलं तर जमलं. नाहीतर पावसाळा संपेपर्यंत फळ्याखालची खाट.

"आला बघा," काका म्हणाले, "किसुमूचे मास्तर आले. आता सुरू कर बाई. मला एक डोळा आहे तोवर दाखव काय ते."

आकेचने लॅपटॉप सोड्याच्या उपड्या क्रेटवर ठेवला. नैरोबीत ती घरांच्या नकाशांच्या याच कामाचे मोठ्या लोकांकडून मोठे पैसे घेई. इथे मात्र तिला घाम फुटला होता.

"काका, मी हा नकाशा काढलेला नाही. मी फक्त नियम लिहिले. ऊन कुठून येतं, दिवसा सरोवरावरून वारा कसा वर चढतो, संध्याकाळनंतर टेकडीवरून कसा उतरतो, पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठलं झाड तोडायचं नाही. आणि आपले रिवाज. फाटक, मोठं घर, मुलांचा क्रम. सगळं लिहून मशीनला दिलं."

"मग नकाशा काढला कोणी?"

"नकाशांनीच. मशीनने आधी मनाला येतील तसे खूप दाले मांडले. कशात स्वयंपाकघर उन्हात भाजत होतं, कशात दारात तळं. त्यातले बरे निवडले आणि त्यांची एकमेकांशी लग्नं लावली. त्यांना पोरं झाली. अंगण आईकडून, भिंती बापाकडून. वाईट निघाली ती बाद केली, चांगली ठेवली, त्यांची परत लग्नं. अशा कितीतरी पिढ्या."

ओगादा काका जरा पुढे सरकले. वंशावळ म्हटली की त्यांचा जीव रमत असे.

"आणि सोयरीक कुठे केलीस? एकाच घराण्यात तर नाही ना?"

सगळे हसले. आकेच हसली नाही. "तीच तर भीती असते, काका. जवळच्या जवळ लग्नं लावली की सगळे दाले एकसारखे निघायला लागतात आणि सगळ्यांत एकच खोड उतरते. म्हणून मधूनमधून बाहेरची सून आणावी लागते."

"ऐकलंस का, न्यार गेम?" काका मिलिसेंटकडे वळले. माहेर गेम गावचं, म्हणून सासरी 'गेमची लेक' अशा अर्थाच्या त्या नावाने सगळे तिला हाक मारत. "तुझी किंमत मशीनलाही कळते."

"मशीनला कळते," मिलिसेंट म्हणाली. "बाकीच्यांचं बघू."

मग आकेचने नकाशा दाखवला. खरोखर देखणा होता तो. एकही झाड तोडलेलं नव्हतं. घरं उतारावर तिरपी बसली होती, एकाची सावली दुसऱ्याच्या अंगणात दुपारच्या वेळी बरोबर पडत होती. भिंती इथल्याच लाल मातीच्या, छपरांचं पाणी एका टाकीत. सरोवरावरचा वारा आईच्या स्वयंपाकघरातून आरपार जात होता, म्हणजे डोळ्यांत धूर नाही. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे जत्राच.

पहिला अडखळला तो ओबोन्यो. त्याला डावी बाजू हवी होती, कारण रस्ता त्या बाजूने जातो आणि कुंपणाला लागून मोटारसायकली दुरुस्तीची शेड टाकायचं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

"थांब. मी उजवीकडे कसा?"

ओबोन्योने पडद्यावर बोट ठेवून घरं मोजली.

"ओदेरा उजवीकडे, मी डावीकडे. असं ना? इथे तर तीन घरं आहेत. उजवं, डावं, उजवं. हे पहिलं कुणाचं?"

ओदेराला विचारायची गरज नव्हती. त्याने बहिणीकडे बघितलं. तिने आईकडे बघितलं. आणि आई मांडीवरच्या परातीतल्या ओमेना मासळीतले खडे निवडत राहिली, जणू आज तेच सगळ्यांत तातडीचं होतं.

"ओग्वेनोचं," आकेच म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"मी सांगितलं," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "फोन करून सांगितलं. मुलगे किती म्हणून तिने विचारलं, मी तीन सांगितले. दोन सांगू का? माझ्या पोटाला मी विसरायला सांगू?"

"आई, विसर कोण म्हणतंय," ओदेरा म्हणाला. त्याचा आवाज चढत होता आणि ते त्यालाही कळत होतं. "पण कुऱ्हाड उद्या कोण घेणार? मी. विस्तवाला लाकडं कोण तोडणार? मी. शाळेच्या खोलीसाठी फादरच्या पाया कोण पडला? कामाला मी थोरला, आणि जागा मागितली की मी दुसरा."

"मी काही बोलत नाही," मिलिसेंट म्हणाली आणि बोलली. "पण माझी मुलं उद्या विचारतील, बाबा थोरले की धाकटे, तर मी काय सांगू? बाबा मधले? आणि वरचा कोण, तर रिकामं घर?"

"बरोबर आहे वहिनीचं," ओबोन्यो म्हणाला. त्याला शेड दिसत होती.

"तू गप. तुला ओग्वेनो आठवत तरी नाही," आकेच म्हणाली.

"नाही आठवत. म्हणून मी जन्मभर उजवीकडे राहू?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी काठी दोन्ही गुडघ्यांत धरली. "हे बघा. ज्याने लग्न केलं नाही, झोपडी बांधली नाही, त्याची जागा पुढच्याकडे जाते असं काही जण म्हणतात. माझे वडील तसं म्हणायचे. ओदेराचं म्हणणं अगदीच चूक नाही."

"आणि काही जण काय म्हणतात?" आईने विचारलं.

"काही जण म्हणतात, गेलेल्याला त्याच्या जागेवरून उठवलं तर तो दुसरीकडे कुठेतरी येऊन बसतो."

"तुम्ही काय म्हणता, जादुओंग?" एरवी वडीलधाऱ्याला मान देऊन घेतलेलं हे नाव आज तिच्या तोंडून टोचून आलं.

काकांनी ढगांकडे बघितलं आणि आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. "मी म्हणतो, न्यार आलेगो, चहा टाक."

कुणी उठलं नाही. ओदेरा मात्र उठला. तो गाडीकडे गेला, टॉवेलातली कुऱ्हाड काढून घेऊन आला आणि बाबांच्या पायाशी ठेवली.

"मला डावीकडेच राहायचं असेल तर मी किसुमूत भाड्याच्या घरात बरा. उद्या ज्याला तीन मुलगे मोजायचे आहेत, त्याने पहिल्याच्या खांद्यावर ही द्यावी."

बाबांनी कुऱ्हाडीकडे बघितलं. उचलली नाही.

आकेचला मुलगी म्हणून या भांडणात तसं काही मिळवायचं नव्हतं. दाल्यात मुलीला जागा नसते. नवऱ्याकडे असेल तर असेल, आणि आकेचसारख्या नवरा सोडून आलेलीला तर नाहीच. तिने नियम लिहिले तेव्हा मुलींचा रकाना केलाच नव्हता, आणि तेव्हा ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की आईला शब्द दिला तो खाली पडू नये आणि उद्या दाला वसावा. दोन्ही एकदम कसं जमावं हे मात्र मशीनला विचारता येत नव्हतं.

"निदान नीट बघ तरी," ती ओदेराला म्हणाली. "डावीकडे तुला काय काय मिळतंय ते बघ. वारा सगळ्यांत जास्त तुझ्याच घरात आहे. पाऊस पाडून दाखवते."

तिने एक कळ दाबली. नकाशावर पाऊस पडला. टेकडीवरून निळ्या रेघा उतरू लागल्या, झाडांच्या मुळांशी अडल्या, घरांना वळसे घालून गेल्या. ओदेराचं घर कोरडं. ओबोन्योचं कोरडं. मोठं घर कोरडं. सगळ्या रेघा एकत्र होऊन फाटकाजवळच्या खोलगट कोपऱ्यात जमल्या.

आईने परात खाली ठेवली. नकाशे तिला वाचता येत नव्हते, पण पाणी कळत होतं. जुन्या घराच्या उंबऱ्याशी ते रोज थोडं थोडं वर येताना तिने बघितलं होतं. ती क्रेटशी येऊन वाकली.

"हे निळं म्हणजे पाणी ना?"

"हो."

"आणि त्यात हे घर कुणाचं?"

आकेचने पडद्यावर बघितलं. हा नकाशा तिने कितीतरी वेळा बघितला होता. त्या घराला तिने नाव दिलं नव्हतं, आकडा दिला होता. सगळ्यांत जास्त गुण मिळवलेला दाला म्हणून ती त्या दिवशी खुशीत जेवायला बाहेर गेली होती. आत्ता पहिल्यांदा तिने त्या कोपऱ्यात भावाला बघितलं.

"कुणाचं?" आईने परत विचारलं.

"त्याचं."

आईचा आवाज अगदी बारीक आला. "आधी सरोवराने नेला. मग त्याच्या थडग्याची मातीसुद्धा सरोवराने नेली. आता तू परत त्याला पाण्यात ठेवलंस?"

"आई, मी नाही ठेवलं—"

"मग कोणी? मशीनने? मशीनचं काय वाकडं केलं होतं त्याने?"

"तिथे नाही," कोणीतरी म्हणालं. तो ओदेरा होता. तो कधी जवळ आला ते कुणाला कळलं नव्हतं. त्याचा चेहरा पार उतरला होता. लव्हाळ्यांत ओग्वेनो सापडला तेव्हा त्याला दोन्ही हातांनी ओढून काठावर आणणारा ओदेराच होता, आणि त्या दिवसानंतर तो कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. "तिथे नाही ठेवायचं त्याला. पुसून टाक ते."

"पुसायचं की हलवायचं?" काकांनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात आता थट्टा नव्हती.

ओदेरा आकेचकडे वळला. "का ठेवलं असं मशीनने? मला समजेल असं सांग."

आकेच खाली जमिनीवर बसली. "मी लिहिलं होतं, प्रत्येक घरात किती माणसं. मोठ्या घरात दोन. तुझ्याकडे पाच. त्याच्या घरात शून्य. मला वाटलं, तेच खरं आहे. मग मशीनने बघितलं, या घरात कुणाला उकडत नाही, कुणी भिजत नाही, कुणी तक्रार करत नाही. वाईट जागा कुणाला तरी द्यायचीच होती. सुरुवातीच्या पिढ्यांत त्याचं घर कुठेही असायचं, वरसुद्धा. पण ज्या दाल्यांनी त्याला खड्ड्यात ठेवलं त्यांत बाकीचे सुखी राहिले, म्हणून ते टिकले. त्यांच्या पोरांनी तेच उचललं. शेवटी सगळ्यांत तीच खोड उतरली."

"सगळ्यांत," ओदेरा म्हणाला. "आपल्यासारखंच. तो बोलत नाही, म्हणून त्याला सरकवायचं."

बाबांनी पाय मागे घेतला, कारण तो कुऱ्हाडीला लागत होता.

"मग काय केलं की त्याला कळेल?" ओदेराने विचारलं. "मशीनला."

"तिथे कुणीतरी राहतं असं लिहावं लागेल. ज्याला काहीतरी लागतं असं."

"त्याला लागायचं की," आई म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती. "वारा लागायचा. उकडलं की चटई घेऊन बाहेर जायचा आणि मी ओरडायचे. खिडकी दे त्याला. मोठी दे."

आकेचने लिहिलं.

"डोक्याकडे नको," ओदेरा म्हणाला. "पायाकडे. डोक्याला वारा लागला की त्याला शिंका यायच्या. आणि सकाळचं ऊन नको. सकाळी उठवलं की लाथ मारायचा."

"पत्र्याचं छप्पर नको," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"पावसाचा आवाज आवडायचा नाही त्याला," बाबा म्हणाले. "बोटीत इंजिन सुरू केलं तरी कानावर हात. लहान होता तेव्हा." मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

ओबोन्यो ऐकत होता. या भावाबद्दल इतकं त्याने आजवर कधीच ऐकलं नव्हतं. त्याने बॅटरीची तार हलू नये म्हणून हाताने धरून ठेवली.

आकेचने सगळं लिहिलं. मशीन परत पिढ्या वाढवू लागलं. पडद्यावर घरं थरथरत होती, सरकत होती, मधेच एखादा दाला बाद होत होता. उजवीकडचं ते घर आधी कोपऱ्यातच अडलं. मग एका पिढीत जरा वर आलं. मग आणखी वर, ओबेरच्या सावलीपर्यंत. ते वर आलं तसा डावीकडचा वारा अडला आणि ओदेराच्या घरावरची हिरवी खूण पिवळी झाली.

"आपली हवा गेली," मिलिसेंट हळूच म्हणाली.

"जाऊ दे."

"दुपारी भट्टी होईल त्या घराची."

"झाड लावू," ओदेरा म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि आणखी जे म्हणायचं होतं ते तिने गिळलं. मग म्हणाली, "लवकर वाढणारं लाव."

ओदेरा वाकला, कुऱ्हाड उचलली आणि धार लागू नये म्हणून टॉवेल परत नीट गुंडाळला. काकांनी ते एका डोळ्याने बघितलं आणि चहाचं विचारलं नाही.

"माणसं किती लिहिलीस?" ओदेराने आकेचला विचारलं.

"तिथे? तात्पुरतं एक लिहिलंय. नाहीतर ते परत खाली घसरेल."

"तात्पुरतं कशाला. बंद घराला वाळवी लागते. झाडलोट कोण करणार तिथे, तो?"

"आई करेल."

"आईचे गुडघे बघितलेस का?" त्याने कुऱ्हाड काखेत धरली. "काका, भावाच्या घरात बहिणीने केर काढला तर रिवाज काय म्हणतो?"

काकांनी फार विचार केला असं दिसलं नाही. "केर काढायला कोणीही चालतं. केर काढून दमली आणि तिथेच झोपली, तर तिला उठवायला मी काही येणार नाही. माझे डोळे गेलेत."

आकेचला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने ओदेराकडे बघितलं. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला होता, पडद्यावरच्या त्या घराकडे बघत.

"त्याचं सगळं लिहून झालं," तो म्हणाला. "आता तुझं सांग. तुला झोपताना काय लागतं?"

तिने या दाल्यासाठी सगळ्यांना फोन करून विचारलं होतं. आईचे गुडघे, बाबांची पाठ, मिलिसेंटची चूल, ओबोन्योची शेड. काय लागतं, काय टोचतं, सगळं. हा प्रश्न तिला स्वतःला कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. तिने बोटं कळांवर ठेवली.

"मला," ती म्हणाली, आणि पुढे काय येतं ते तिला माहीत नव्हतं.

"सांग सांग," आई म्हणाली. "बॅटरी संपेल ओबोन्योची."